किती डोळे राखायचे?

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६४ वर्षांचे आहेत. तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे. सव्वा वर्षापूर्वी अण्णांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. यंदाच्या तपासणीत रक्तातलं सीईए (कॅन्सरची खूण) वाढलेलं निघालं आणि सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन गाठी दिसल्या. एक उजवीकडे, चार सेंटिमीटरची. रिपोर्टमध्ये 'भाग सात-आठ' असं लिहिलंय. दुसरी डावीकडे, दीड सेंटिमीटरची. केमोचे चार डोस झाले, शेवटचा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. गाठी लहान झाल्या आहेत, आता ऑपरेशन करून घ्या म्हणतात. आम्ही तिघांना दाखवलं. सांगलीचे सर्जन पोट उघडून करणार आहेत (ते म्हणाले, गाठींपुरतंच काढू). पुण्याचे दुर्बिणीतून करतो म्हणाले (उजवा भाग पूर्ण काढावा लागेल). तिसऱ्या ठिकाणी रोबो आहे, खर्च अडीच लाखांनी जास्त. माझ्या भावाने सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं, लिव्हर कशाने कापता? ते म्हणाले, 'चिमट्याने.' तेव्हापासून भाऊ हादरलाय. तो रोज कुसा मशीनचे, पाण्याच्या फवाऱ्याने लिव्हर कापल्याचे व्हिडिओ पाठवतो, 'एक थेंब रक्त नाही' असं लिहून. अण्णांचं वेगळंच. ते म्हणतात, ऑक्टोबरची छाटणी उरकू द्या, मग काय ते कापा. शेजारचे एक जण लिव्हरसाठी काढा आणून देतात. आणि शेवटचं : माझ्या लिव्हरचा तुकडा अण्णांना देता येईल का? मी तयार आहे.
— अण्णांची मुलगी

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसती यंत्रंच दिसली. दुसऱ्यांदा तुमचे कंस दिसले. 'गाठींपुरतंच काढू' आणि 'उजवा भाग पूर्ण काढावा लागेल', ही दोन वाक्यं तुम्ही जाता जाता कंसात टाकली आहेत आणि माझ्या मते अख्ख्या पत्राचा जीव तिथं आहे. पण भाऊ हादरलेला असताना घरात त्या कंसांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. म्हणून आधी चिमट्याचं बघू.

लिव्हरला गावाकडे अजून काळीज म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर कुणी हृदय बांधून देत नाही. बाहेरून हा अवयव भरीव दिसतो, पण आत सगळं रक्तवाहिन्यांचं जाळं. मोठ्या माणसाचं यकृत दीड किलोच्या आसपास भरतं आणि दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून जातं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा हा चौथा हिस्सा. खरवसाची वडी पाडावी तशी सुरी त्यात घालता येत नाही. सुरीला गर आणि वाहिनी यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही कापते. कापलेली वाहिनी गरात आत ओढली जाते, आणि मग रक्ताच्या डबक्यात तिचं तोंड शोधत बसावं लागतं.

म्हणून यकृत आधी चुरायचं आणि मग कापायचं. शिजलेल्या दोडक्याची फोड चिमटीत दाबून बघा. गर निसटून जातो, शिरा हातात राहतात. आम्ही ऑपरेशनमध्ये तेच करतो. बारीक टोकाचा चिमटा यकृतात जेमतेम एक सेंटिमीटर शिरवायचा आणि सावकाश मिटायचा. पेशी चुरडून बाजूला होतात, चिमट्याच्या पात्यांत पांढुरके दोरे उरतात. त्यातला एखादा रक्ताचा असतो, एखादा पित्ताचा. केसासारखा बारीक असेल तर विजेचा चटका पुरतो. जाड असेल तर दोन्हीकडून क्लिप किंवा दोऱ्याची गाठ मारायची आणि मधे कात्री लावायची. पुन्हा चिमटा, पुन्हा गाठ. तास-दीड तास हेच चालतं. बघायला आलेले विद्यार्थी पहिल्या वीस मिनिटांनंतर पाय बदलायला लागतात.

तैपेईचे सर्जन लिन तियेन-यू यांनी १९५८ मध्ये हे नुसत्या बोटांनी करायची पद्धत मांडली, अंगठा आणि तर्जनी यांच्यात यकृत चुरत. १९७४ मध्ये त्यांनीच बोटांच्या जागी चिमटा वापरायची रीत छापून प्रसिद्ध केली. तुमचा भाऊ म्हणेल, बघा, पन्नास वर्षांची जुनी पद्धत! बरोबर आहे. आता नव्या यंत्रांचं ऐका.

कुसा म्हणजे जाडसर पेनासारखं हत्यार. त्याचं टोक कानाला ऐकू न येणाऱ्या वेगानं थरथरतं. पाण्यानं भरलेल्या यकृतपेशी त्या थरथरीनं फुटतात आणि तिथल्या तिथं शोषल्या जातात, चिवट वाहिन्या मात्र टिकतात. पाण्याच्या फवाऱ्यानंही हेच होतं, पेशी वाहून जातात आणि शिरा राहतात. म्हणजे दोडका तोच, चिमटीच्या जागी यंत्र. झुरिकच्या सर्जनांनी यांची समोरासमोर तुलना केली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. १०० रुग्ण, प्रत्येक गटात २५ : चिमटा, कुसा, पाण्याचा फवारा आणि वाहिन्या बंद करत जाणारं विजेचं एक हत्यार. कापण्याचा वेग चिमट्याचा जास्त, रक्तस्राव चिमट्याचा कमी आणि खर्चही चिमट्याचा कमी. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चिमट्याच्या गटात यकृताकडे जाणारं रक्त मधूनमधून थांबवून ठेवलं होतं, बाकीच्या गटांत तसं सरसकट केलेलं नव्हतं. त्यामुळे चिमट्यानं यंत्रांना हरवलं असं मी म्हणणार नाही. पण यंत्र आलं की चिमटा कालबाह्य झाला, हे म्हणणंही त्या दिवशी संपलं. पुढे हायडेलबर्गमध्ये स्टेपलर आणि चिमटा यांची तुलना १३० रुग्णांवर झाली, २०१४ मध्ये छापून आली. स्टेपलरनं वेळ वाचला. रक्त दोन्हीकडे सारखंच गेलं.

आमच्या रुग्णालयात कुसा पहिल्यांदा आलं तेव्हा नारळ फोडला होता. पहिल्या ऑपरेशनला मी इतका वेळ घेतला की आमच्या वयस्कर सिस्टरांनी काही न बोलता माझ्या उजव्या हातात जुना चिमटा ठेवला. पुढे कुसाचीही सवय झाली. मोठ्या शिरेला खेटून असलेली गाठ सोडवताना मला ते आवडतंही, कारण शिरेची भिंत हळूहळू उघडी होत जाते. तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांना दोन्ही वापरता येत असतील आणि तरी ते चिमटा म्हणत असतील, तर भावाला सांगा, निवांत झोप.

'एक थेंब रक्त नाही' हे हत्याराच्या जोरावर होत नसतं. ते दोन माणसांच्या जोरावर होतं आणि व्हिडिओत त्यांपैकी एकही दिसत नाही. एक असतो यकृताचा देठ आवळणारा. यकृताकडे जाणारी धमनी आणि आतड्याकडची मोठी शीर (पोर्टल शीर) एकाच देठातून जातात. त्या देठाभोवती फीत टाकून ती आवळली की येणारं रक्त थांबतं. ग्लासगोचे जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये अपघातात फाटलेल्या यकृतांसाठी ही युक्ती लिहिली. तिला आजही त्यांचंच नाव आहे. फीत १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची. सिस्टर घड्याळ लावून बसतात आणि 'सर, पंधरा झाली' असं म्हणाल्या की हातातलं काम कितीही रंगात आलेलं असो, सोडावं लागतं.

दुसरा माणूस म्हणजे भूलतज्ज्ञ. देठ आवळला तरी यकृतातून हृदयाकडे परत जाणाऱ्या तीन मोठ्या शिरा उघड्याच असतात, आणि त्यांतून रक्त उलटं येऊ शकतं. ते थोपवायचं तर शरीरातल्या शिरांचा दाब उतरवून ठेवावा लागतो. तलावाची पातळी खाली गेली की बांधातला झिरपा मंदावतो, तसं. भूलतज्ज्ञ यकृत कापून होईपर्यंत सलाइन हात राखून देतो, रक्तदाब मात्र सांभाळतो, आणि कापणं संपलं की मग हवं ते पाणी भरतो. ही तारेवरची कसरत आहे. म्हणून सर्जनला 'मशीन कुठलं?' विचारण्यापेक्षा 'यकृताच्या ऑपरेशनला तुमचे नेहमीचे भूलतज्ज्ञ कोण?' हे विचारा. उत्तर चटकन आलं तर बरं समजायचं.

रक्तापेक्षा मला स्वतःला पित्ताची धास्ती जास्त वाटत आली आहे. रक्त लगेच दिसतं. पित्त तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात ठेवलेल्या नळीतून दिसतं. कापून झालं की यकृताच्या ओल्या पृष्ठभागावर आम्ही पांढरीशुभ्र पट्टी दाबून धरतो. पाच मिनिटांनी उचलायची. लाल ठिपके चालतात. हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळा डाग दिसला, तर ती जागा शोधून टाका घालायचा, पुन्हा नवी पट्टी, पुन्हा पाच मिनिटं. हे न कंटाळता करणारा सर्जन चिमटेवाला आहे की कुसावाला, यानं मला काही फरक पडत नाही.

आता पोट कसं उघडायचं ते. लक्षात घ्या, हा प्रश्नच वेगळा आहे. चिमटा की कुसा हे आत गेल्यावरचं, आणि दुर्बीण की मोठा छेद हे आत जाण्याचं दार. तुमच्या घरी दोन्ही वाद एकमेकांत मिसळले आहेत. दुर्बिणीतूनही कुसा चालतं. आणि रोबोवर काम करणारे कित्येक सर्जन रोबोच्या हातातल्या विजेच्या चिमट्यानंच यकृत चुरतात, हे तुमच्या भावाला सांगताना त्याचा चेहरा मला बघायला आवडला असता.

दुर्बिणीच्या बाजूनं पुरावा चांगला आहे आणि तो नेमका अण्णांसारख्या रुग्णांवरचा आहे. ओस्लोमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात गेलेल्या २८० जणांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. निम्म्यांचं दुर्बिणीतून, निम्म्यांचं पोट उघडून, आणि दोन्हीकडे गाठीपुरतंच यकृत काढलं. त्रास-गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात शेकडा १९ जणांना झाली, उघड्या गटात ३१ जणांना. रुग्णालयातला मुक्काम ५३ तास आणि ९६ तास. रक्तस्रावात फरक नाही. आणि घरच्यांच्या मनातला खरा प्रश्न, माणूस किती जगतो? मध्यम आयुर्मान एका गटात ८० महिने, दुसऱ्यात ८१. म्हणजे दुर्बिणीनं दुखणं कमी होतं आणि माणूस लवकर घरी येतो. कॅन्सरला आत कसं गेलात त्याचं सोयरसुतक नसतं. अर्धं यकृत काढण्याच्या ऑपरेशनावरही युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशीच तुलना केली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथं हिंडता-फिरता व्हायला दुर्बिणीनं ४ दिवस लागले, उघड्यानं ५. एका दिवसाचा फरक. कमी नाही, पण घरात त्यावरून भांडावं इतका मोठाही नाही.

हे आकडे ज्यांनी दिले, ती माणसं वर्षानुवर्षं दुर्बिणीतून यकृताचीच ऑपरेशनं करत आली होती, एवढं ध्यानात ठेवा. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना थेट विचारा : वर्षाला यकृताची किती करता, त्यातली दुर्बिणीतून किती, आणि मध्येच पोट उघडावं लागलं असं किती वेळा झालं? शेवटच्या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर मला जरा संशय येईल. मध्येच उघडणं म्हणजे हार नव्हे, बहुतेक वेळा ते शहाणपण असतं. शिवाय अण्णांचं पोट एकदा उघडलेलं आहे. आतली आतडी छेदाला चिकटलेली असू शकतात, ती सोडवण्यातच तास जाऊ शकतो. पहिला छेद बेंबीच्या खालीच असेल तर त्रास कमी, वरपर्यंत असेल तर जास्त. त्यांना तो छेद दाखवा, नुसता स्कॅन दाखवू नका.

रोबोबद्दल थोडक्यात. तो स्वतः काही करत नाही, सर्जनचा हात आत नेतो. मनगट वळतं, हात थरथरत नाही, चित्र खोलीसकट दिसतं, अडचणीच्या जागी टाका घालायला सोपं जातं. यकृताच्या ऑपरेशनात दुर्बिणीपेक्षा रोबोनं रुग्ण जास्त जगतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या बघण्यात नाही. कर्ज काढून अडीच लाख भरायचे असतील, तर माझं मत स्पष्ट आहे : भरू नका. तो पैसा केमोला, तपासण्यांना आणि ऑपरेशननंतरच्या महिन्यांना लागेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे तिन्ही ठिकाणच्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

आता तुमच्या कंसांकडे येतो.

अण्णांना एक प्रश्न विचारा. छाटणीला काडी धरल्यावर ते आधी काय बघतात? जाणारी काडी की राहणारे डोळे, म्हणजे काडीवरच्या नव्या फुटीच्या जागा? माझे मामा द्राक्षबागायतदार होते. ते कात्री लावायच्या आधी डोळे मोजायचे, आणि खाली पडलेल्या काड्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. यकृताचं गणित असंच असतं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ भाग पाडून दाखवले. प्रत्येक भागाला रक्त आणणारी आणि पित्त नेणारी स्वतःची फांदी असते, त्यामुळे एक भाग काढला तरी शेजारचा जगतो. अण्णांच्या रिपोर्टमधले सात आणि आठ म्हणजे उजवीकडचे वरचे भाग, बरगड्यांच्या आत, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या खाली दडलेले. उजवा भाग पूर्ण काढायचा तर पाच, सहा, सात, आठ हे चारही जातात; म्हणजे साधारण साठ-पासष्ट टक्के यकृत. उरलेल्या पस्तीस-चाळीसमधून डावीकडची दीड सेंटिमीटरची गाठ काढायची ती वेगळीच.

निरोगी यकृत असेल तर वीस-पंचवीस टक्के उरलं तरी माणूस तरून जातो. पहिल्या काही दिवसांतच ते फुगायला लागतं आणि पुढच्या काही आठवड्यांत बरीचशी भर भरून काढतं. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही, राहिलेला मोठा होतो. पण अण्णांच्या यकृतानं केमो सोसलेली आहे. या रोगात बहुधा जे औषध देतात, त्यानं यकृतातल्या बारीक वाहिन्या सुजतात. पोट उघडल्यावर ते निळसर दिसतं आणि जास्त भळभळतं. अशा यकृताचे निदान तीस टक्के उरायला हवेत, असं आम्ही धरतो. सिरॉसिस असेल तर चाळीस. म्हणजे पुण्याच्या बेतात अण्णा अगदी काठावर बसतात.

मग पुण्याचे डॉक्टर उजवा भाग पूर्ण का म्हणत असतील? मी स्कॅन पाहिलेला नाही, त्यामुळे दोन शक्यता सांगतो. गाठ उजव्या मुख्य शिरेला किंवा उजव्या देठाला भिडलेली असेल, तर गाठींपुरतं काढणं शक्यच नसेल. अशा वेळी ते बरोबर आहेत आणि सांगलीच्यांना पुन्हा स्कॅन बघायला सांगावं लागेल. दुसरी शक्यता अशी की सात-आठ भागातली गाठ तेवढीच दुर्बिणीतून काढणं अतिशय अवघड असतं. हत्यारं सरळ रेषेत जातात आणि गाठ कोपऱ्याआड असते. त्यामानानं अख्खा उजवा भाग दुर्बिणीतून काढणं कित्येक सर्जनांना सोपं वाटतं, कारण कापायची रेघ समोर सरळ मिळते. तेव्हा त्यांना हा एक प्रश्न विचारा, अगदी याच शब्दांत : 'डॉक्टर, पोट उघडून केलं असतं तरी तुम्ही उजवा भाग पूर्णच काढला असता का?'

'हो, कारण गाठ या शिरेला लागलेली आहे' असं म्हणून त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, तर त्यांचं ऐका. 'नाही, मग गाठीपुरतं काढलं असतं' असं म्हणाले, तर छोट्या छिद्रांसाठी तुम्ही पाव-अर्धा किलो चांगलं यकृत मोजत आहात. तो सौदा मी करणार नाही.

कंजूषपणा एवढ्यासाठी की हा रोग परत येऊ शकतो. पहिल्या ऑपरेशननंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत तो कुठे ना कुठे डोकं वर काढतो, आणि बरेचदा यकृतातच. यकृत शिल्लक असेल तर दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदाही काढता येतं. पूर्वी गाठीभोवती एक सेंटिमीटर चांगलं यकृत जायलाच हवं असा दंडक होता. आता आतड्याकडून आलेल्या गाठींसाठी एक मिलिमीटरही पुरेसा मानतात, आणि केमो लागू पडलेली असेल तर त्याबाबत मन आणखी निर्धास्त असतं. (यकृतातच जन्मलेल्या कॅन्सरचं वेगळं आहे. तो पोर्टल शिरेच्या फांद्यांतून पसरतो, म्हणून तिथं अख्खा भाग काढण्याला अर्थ असतो. व्हॉट्सॲपवर दोन्ही रोगांचे व्हिडिओ एकाच नावानं फिरतात.)

उजवा भाग पूर्ण काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी सीटीवरून उरणाऱ्या यकृताचं माप घ्यायला सांगा. संगणकावर ते मिलिलिटरमध्ये मोजता येतं. माप कमी भरलं तर उजव्या बाजूची पोर्टल शीर सुईतून बंद करून ठेवतात, चार-सहा आठवड्यांत डावी बाजू वाढते आणि मग ऑपरेशन करतात. आणि डावीकडच्या छोट्या गाठीला सुरी लावायलाच हवी असंही नाही. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईनं आतल्या आत भाजून टाकता येतात, आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या तुलनेत अशा छोट्या गाठींसाठी हा उपाय ऑपरेशनच्या तोडीचा ठरला. उजवीकडचं काढायचं, डावीकडचं त्याच भुलीत भाजायचं. हा पर्याय तिघांपैकी कुणी सुचवला का, ते तुमच्या पत्रात नाही. विचारा. तिघांची मतं वेगळी असताना चौथ्याकडे पळण्यापेक्षा तो स्कॅन कॅन्सर रुग्णालयातल्या ट्यूमर बोर्डापुढे ठेवता येतो का बघा. तिथं सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकाच टेबलावर बसून तो बघतात.

शेजाऱ्यांचा काढा आज बंद. त्यात काय आहे ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. ऑपरेशनच्या तोंडावर यकृताच्या चाचण्या चढल्या, तर केमोमुळे की काढ्यामुळे हे ठरवता येणार नाही आणि तारीख पुढे जाईल. वाईट वाटू देऊ नका त्यांना, 'डॉक्टरांनी लेखी मनाई केली' म्हणून हे पान दाखवा.

तुमच्या यकृताच्या तुकड्याबद्दल. आपल्याकडे लेकराला काळजाचा तुकडा म्हणतात. इथं लेकरूच तो द्यायला निघालंय. ताई, तो लागणार नाही. ज्यांचं सगळं यकृतच निकामी झालंय, मुख्यतः त्यांच्यासाठी हे दान असतं. अण्णांचं यकृत चालतंय, त्यात दोन गाठी आहेत, आणि त्या काढल्यावर त्यांचं स्वतःचंच त्यांना पुरेल असा बेत आखायचा आहे. यकृत बदलल्यावर शरीरानं ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, आणि कॅन्सरच्या रुग्णाला ती सहज कुणी देत नाही. तुमचा उपयोग दुसरीकडे आहे. ऑपरेशनच्या आधीचे तीन आठवडे अण्णांना रोज चालायला लावा, अंडी-डाळ-दूध पोटात जाऊ द्या, तंबाखू असेल तर थांबवा, आणि तो तीन चेंडूंचा श्वासाचा व्यायाम आत्तापासूनच शिकवा. बरगडीखालचा छेद दुखतो, माणूस खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साचतो. ऑपरेशननंतर शिकवायला गेलं की अण्णांसारखी माणसं चिडतात.

राहता राहिली छाटणी. केमोच्या शेवटच्या डोसानंतर यकृताला निदान चार आठवडे उसंत द्यावी लागते. केमोबरोबर बेव्हासिझुमॅब दिलेलं असेल तर सहा. फाइलमध्ये ते नाव आहे का बघून सर्जनला सांगा. म्हणजे तारीख सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा जरा पुढे येते, तशीही ऑक्टोबरच्या आधीच. छाटणी उरकून मग म्हटलं तर केमो थांबून तीन महिने होतील आणि लहान झालेल्या गाठी तेवढ्यात पुन्हा वाढू शकतात. अण्णांना तारखेचा हिशेब असाच मांडून दाखवा, द्राक्षवाल्याला तारखा कळतात. सगळं सुरळीत गेलं तर छाटणी सुरू होईल तेव्हा ते घरी आलेले असतील. मांडवाखाली खुर्ची टाकून द्या, कुठली काडी किती डोळ्यांवर घ्यायची ते तिथून ओरडून सांगू देत. कात्री मात्र सहा-आठ आठवडे भावाच्या हातात, आणि त्याचा मोबाइल तेवढा वेळ तुमच्याकडे.